माडीवरची घंटा

गल्लीत चोरी झाली, तेव्हा शांतीलालने खाली एकट्या झोपणाऱ्या आईच्या, मोहनबाईंच्या, खाटेपाशी अलार्मचं बटण बसवून घेतलं आणि माडीवर आपल्या खोलीत त्याची घंटा. सारं जळगाव कौतुक करून गेलं.

सहा महिन्यांनी मोहनबाईंनी वायरमन सुपडूला बोलावलं.

"भाऊ, तुझा अलार्म बिघडला. सोमवारी छातीत कळ आली, चार वेळा बटण दाबलं. शांती वरच होता, पण आला नाही."

सुपडू माडीवर गेला. वायर शाबूत होती. घंटेच्या वाटीत मात्र जुनं फडकं कोंबून वरून दोरा बांधलेला होता, जणू तिला थंडी वाजत असावी. तो खाली आला.

"मावशी, उंदरांनी बठ्ठी, सगळीच्या सगळी वायर खाल्ली. उद्या नवी ओढून देतो."

मोहनबाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे शांतीला ऐकूच गेलं नाही! मग राहू दे भाऊ, नवी नको ओढू."

तेव्हापासून त्या रोज जिन्याखाली उंदरांसाठी मूठभर ज्वारी टाकतात.