दहा गाणी, एकच ठेका

"बाळाला एकाच ठेक्याची सवय लावू नकोस, अडकून पडशील," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे काका रोज तीच जमैकाच्या रेगे संगीताची रेकॉर्ड लावतात. "दहा गायक, ठेका एकच. एका कोटात दहा भावांची लग्नं उरकली म्हण," असं हसतात. छतातून ठेका तेवढा झिरपतो आणि बाळ झोपतं. वीस मिनिटांनी काका रेकॉर्ड उलटतात, तेव्हा मात्र किरकिरतं.

आज बाळ तीन तास गाढ झोपलंय. मघापर्यंत मी काकांना दुवाच देत होते. मग लक्षात आलं, ठेका एकदाही थांबलेला नाही. सुई अडकलीय आणि ती उचलायला काका उठलेले नाहीत. फोनही घेत नाहीत. बेलने बाळ उठू नये म्हणून सासूबाई बाहेरून कुलूप लावून गेल्यात. जिन्यात कुणी असाल, तर जरा वर जाऊन काकांना बघता का?