एक जुलैचा मेसेज

सकाळपासून जमुनाबाई फोन हातात घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. बटनांचा जुना फोन. तो त्यांच्या नवऱ्याचा, खुशालरावांचा. खुशालराव जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं, पण नंबर चालू होता. लेक प्रतीक्षा न चुकता रिचार्ज करायची.

"गेल्या साली तं चहाच्या टायमालेच आला होता," जमुनाबाई म्हणाल्या. "आज काहून नाई आला?"

"येईन ना आई. दिवस पडला हाय अजून," प्रतीक्षा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली.

आणि मग तिची बोटं थांबली.

मेसेज विमा कंपनीचा यायचा, दर एक जुलैला. 'आदरणीय खुशालराव, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपणांस दीर्घायुष्य लाभो.' खुशालरावांचा खरा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. अकोटजवळच्या शाळेत मास्तरांनी साऱ्या पोरांच्या नावापुढे जी तारीख टाकली, तीच त्यांच्याही नावापुढे टाकली. घरात त्यांचा वाढदिवस कधी झाला नाही. पहिला मेसेज आला तेव्हा ते साठीला टेकले होते. त्यांनी तो प्रतीक्षाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला आणि बायकोला म्हणाले, "काही गोड कर आज. मी जन्मलो म्हनते कंपनी."

ते गेले तेव्हा दाव्याचे कागद प्रतीक्षानेच नेऊन दिले. तरी पुढच्या एक जुलैला मेसेज आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. दावे पाहणाऱ्या खात्याला खुशालराव गेल्याचं कळलं होतं, शुभेच्छा पाठवणाऱ्या खात्याला कळलं नव्हतं. प्रत्येक खात्याचं सॉफ्टवेअर वेगळं, ग्राहकांची नोंद वेगळी. जमुनाबाईंनी दोन्ही वर्षी त्या दिवशी शिरा केला. कुणाला काही सांगितलं नाही. नुसता केला.

पुढे प्रतीक्षाला त्याच कंपनीत नोकरी लागली. जठारपेठेतल्या घरूनच ती काम करायची. गेलं वर्षभर तिची टीम एकाच कामाला जुंपलेली होती. ग्राहकाची नोंद खात्याखात्यांतून काढून एका ठिकाणी आणायची, आणि कोणत्याही खात्याला ग्राहकाबद्दल काही हवं असलं की त्याने तिथंच विचारायचं. पत्ता बदलला तर एकदाच सांगायचं, साऱ्यांना कळतं. माणूस गेला तरी एकदाच. मागच्या आठवड्यात ते चालू झालं होतं. चाचण्या घेताना प्रतीक्षाने त्या नोंदीत कितीतरी खोटी माणसं मारून पाहिली होती. बाबांची आठवण तिला तेव्हा झाली नव्हती.

लॅपटॉप वाजला. पुण्याहून आकांक्षा मॅडम, तिच्या टीमच्या प्रमुख.

"प्रतीक्षा, अभिनंदन. वरच्या मीटिंगमध्ये तुझं नाव घेतलं गेलं. एका माणसाला चार खात्यांची चार पत्रं जायची, ती थांबली. आणि आज एक जुलै आहे, लक्षात आलं का? अर्ध्या विदर्भाचा वाढदिवस. दर वर्षी आपला सगळ्यात वाईट दिवस. गेलेल्या माणसांच्या घरचे फोन घेता घेता कॉल सेंटर थकून जायचं. आज एकही फोन नाही."

"हो, मॅडम."

"अमरावतीच्या त्या बाई आठवतात? मुलगा अपघातात गेला, आणि महिनाही झाला नव्हता तर त्याला आपला मेसेज, दीर्घायुष्य लाभो म्हणून. किती रडल्या होत्या त्या. आता असं कुणाचं व्हायचं नाही."

"नाही होणार," प्रतीक्षा म्हणाली.

कॉल संपला. हेडफोन लावायचा राहिला होता, हे तिला तेव्हा कळलं.

जमुनाबाईंनी सारं ऐकलं होतं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"त्या अमरावतीच्या बाईचं बरं केलं तुमी," त्या म्हणाल्या. "लेकराचा असा मेसेज माय कशी वाचन."

"हो."

"म्हंजे आपला आता येत नाई."

"नाई येत, आई."

जमुनाबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "कोनी तं त्याईले म्हने, लय वर्सं जगा म्हनून. मशीन म्हनते ते, मले समजते तेवढं. पन म्हने ना."

प्रतीक्षा उठून आईजवळ खाली येऊन बसली. तिला जे येत होतं तेच तिने सांगितलं. "पह्यले साऱ्या खात्याइचं अलग अलग होतं. एकात बाबा गेले होते, दुसऱ्यात होते. आता एकाच जागी लिवलेलं असते. सारे तेथूनच पाह्यतात."

"तेवढ्या मेसेजपुरते जिवंत नाई ठेवता येत?"

"नाई. तेथ गेले लिवलं तं साऱ्याइकडं गेले. जिवंत लिवलं तं साऱ्याइकडं जिवंत."

हे वाक्य तिने वर्षभर किती जणांना समजावून सांगितलं होतं. कंपनीचे मोठे साहेब ते ऐकून खूश व्हायचे.

"अन ते लिवते कोन?" जमुनाबाईंनी विचारलं.

"हायेत दोघं-चौघं," प्रतीक्षा म्हणाली. मग म्हणाली, "मी बी हाव त्यात."

जमुनाबाई लेकीकडे वळल्या.

"मंग लिव ना," त्या म्हणाल्या.