एकही हप्ता न चुकवता

वसुलीवाला दुपारी तीन वाजता थेट वॉर्डातच आला. पेशंटना भेटायची वेळ होती, त्यामुळे दारावर कुणी अडवलं नाही. टेबलाशी येऊन त्यानं सिस्टरचं पूर्ण नाव घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की तो बँकेकडून आलाय आणि आठ हप्ते थकलेत.

सिस्टर इंजेक्शनच्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावत होती. तिला राग आला नाही. बिचारा चुकीच्या माणसाकडे आलाय, असंच तिला वाटलं. बँकेचं कर्ज कधीच फिटलं होतं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेलं ते, शिवाय क्रेडिट कार्डाचं आणि पतपेढीचं, अशी तिन्ही कर्जं एका कंपनीनं आपल्या अंगावर घेतली होती आणि तिला एकच नवं कर्ज दिलं होतं, कमी व्याजाचं. पाच तारखेला पगार झाला की त्याचा हप्ता खात्यातून आपोआप जायचा. हे सगळं तिनं त्याला नीट समजावून सांगितलं.

"एकही हप्ता चुकवलेला नाही मी," ती म्हणाली.

त्यानं वाद घातला नाही. पन्नाशी उलटलेला माणूस होता, जिने चढून दमलेला. कागद बघायला मिळतील का, एवढंच त्यानं विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी कान टवकारून ऐकत होत्या, म्हणून सिस्टर त्याला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेली आणि लॉकरमधून फाइल आणली. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर तिच्या हातची बरोबरची खूण.

पावत्या बाजूला सारून त्यानं करारच उघडला. तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं. हे लेटरहेड या महिन्यात चौथ्यांदा बघतोय, तो म्हणाला. जाहिरातीत नवं कर्ज असतं, करारात मात्र 'तडजोड सल्ला सेवा' असते. दरमहा जातो तो हप्ता नाही, त्यांची फी आहे. पुढेमागे ते बँकेशी बोलतील, नाहीतर नाही बोलणार. तोवर बँकेला दमडी जात नाही आणि दंड, व्याज चढत राहतं.

"आमचे फोन उचलू नका, असं सांगितलं होतं ना त्यांनी?"

सांगितलं होतं. जुनी बँक हातचं गिऱ्हाईक सोडत नाही, मुद्दाम छळेल, असं. सिस्टरनं ते नंबर ब्लॉक केले होते. पत्रं आली ती न फोडताच ठेवून दिली होती.

ती स्टुलावर बसली. औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय ती सुई भरत नसे. आणि त्या ऑफिसात एका गोड बोलणाऱ्या मुलीनं जिथं बोट ठेवलं, तिथं तिथं तिनं सह्या केल्या होत्या. पहिल्यांदाच कुणीतरी समजूतदारपणे बोललं होतं, चहा विचारला होता.

"नव्या कर्जाचे पैसे माझ्या हातात आलेच नाहीत कधी," ती म्हणाली. "तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

साडेतीनची इंजेक्शनं द्यायची होती. ती उठली, सहाही खाटांना देऊन आली. परत आली तोवर त्यानं एका कोऱ्या केसपेपरवर ओळीनं लिहून ठेवलं होतं: पगाराच्या बँकेत जाऊन पाच तारखेआधी आपोआप जाणारी रक्कम थांबवा. कंपनीविरुद्ध लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आमच्या मॅनेजरना भेटून मुदत वाढवून मागा, हप्ता लहान होतो, त्याला फी लागत नाही.

"मी सांगितलं म्हणून बोलू नका कुठं," तो म्हणाला. "माझं काम नुसतं पैसे आणायचं."

फाइल परत देता देता त्यानं पावत्या मोजल्या. आठ महिने झालेले आणि पावत्या सात. एका महिन्याची राहिली का, त्यानं विचारलं.

"माफ झाला."

"कशाबद्दल?"

सिस्टरनं फाइल मिटून काखेत धरली. अशी माफी कशी मिळते, ते त्यालाही नवं नसावं. त्यानं पिशवी उचलली आणि जिन्याकडे गेला.

वॉर्डातल्या मावशी मागच्या मोरीत भांडी धूत होत्या. लेकीच्या फीसाठी त्यांनी दोन ठिकाणांहून पैसे उचलले होते, आणि व्याजानं त्यांची झोप उडाली होती. सिस्टरनंच त्यांना त्या ऑफिसात नेलं होतं. ओळखीचं माणूस आणलं की एक हप्ता माफ, अशी योजना होती, आणि तिनं ते मावशींपासून लपवलंही नव्हतं. मावशींचा पहिला हप्ता गेल्या पाच तारखेला गेला होता.

सिस्टरनं नळ बंद केला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मावशी हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिल्या. उद्या सकाळी दोघींनी आधी बँकेत जायचं, मग ड्यूटीवर यायचं, असं ठरलं. काही चिडून बोलतील म्हणून सिस्टर वाट बघत उभी राहिली.

मावशींनी हात पदराला पुसले. त्यांना दुसरीच काळजी पडली होती.

"म्हणजे माझ्यापायी तुमचा माफ झालेला हप्ता," त्या म्हणाल्या, "तो आता तुमच्याकडून परत मागतील का हो?"