ग्रामसेवेची जागा

“अक्षरासमोर त्यातलं काही काढू नका, एवढं बघा,” गाडीचं दार लावत शिवप्रसाद म्हणाला. “मी हिला घेऊन खालीच थांबतो. उसाचा रस पाजतो.”

“वर येऊ देऊ नका हिला,” मंजुश्री नवऱ्याला म्हणाली. “अन् बर्फ नको. कालच खोकला बसलाय.”

“हाव.”

पुढचे दोन दात पडलेली अक्षरा बापाचं बोट धरून रसाच्या गाड्याकडे निघाली. मंजुश्री ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग दिराकडे वळली. वीरेशनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याचे ओठ आपोआप हलत होते.

सरकारी मेडिकल कॉलेज त्याचं दुसऱ्यांदा थोडक्यात हुकलं होतं. लातूरचा क्लास आता बास, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. नांदेडकडच्या या ट्रस्टच्या कॉलेजात, शिकून झाल्यावर खेड्यात राहायला तयार असणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा होत्या. त्यासाठी घरच्या एका माणसासोबत मुलाखत होती. इथं जमलं तर डॉक्टर, नाहीतर रेणापूरच्या कापड दुकानाचा गल्ला. घरात पदवीपर्यंत शिकलेली मंजुश्रीच, म्हणून सोबत ती आली होती.

जिन्यात वीरेश थांबला. “वहिनी, मी खरंच जाईन हो खेड्यात. तेवढं तर खरं आहे.”

“मला नको सांगू. आत सांग.”

आत टेबलामागे दोघं होते. पांढऱ्या केसांचे राजशेखर सर प्रश्न विचारत होते. शेजारच्या मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या.

“सकाळपासून येईल त्याला गरिबांची सेवाच करायची आहे,” सर म्हणाले. “लातूरला सेवेचा पण क्लास निघालाय की काय? तू तरी वेगळं सांग, बाबा.”

वीरेशनं शर्टाची बाही सारखी केली.

“वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सर. मुखेडच्या पुढं खडकमाळ गाव आहे. पोळ्याची रात्र होती. सगळं गाव बैलांच्या मागं. कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं, तर कुलूप. डॉक्टर गावातच नाहीत. दवाखान्याच्या ओट्यावर बाळंतपण झालं. बाळ राहिलं नाही, सर. मी सहावीत होतो. तेव्हाच ठरवलं, आपल्या दवाखान्याला कुलूप लावायचं नाही.”

मॅडमचं पेन थांबलं.

सरांनी चष्मा काढला. “ताई, त्या तुम्हीच ना?”

मंजुश्रीनं मान हलवली. तिला वर बघवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

“माफ करा. मी विचारायला नको होतं.”

“तसं काही नाही, सर.” तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“महामाया मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?”

मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं.

“मग माझ्याकडून हो,” सर म्हणाले. “अशीच पोरं पाहिजेत आम्हाला.”

वीरेश पाया पडायला वाकला. मंजुश्री आधी बाहेर पडली. तिला हवा पाहिजे होती.

“एक मिनिट, ताई.”

महामाया मॅडम मागोमाग आल्या होत्या. जवळून बघितल्यावर त्या फार तर पस्तिशीच्या वाटत होत्या.

“खडकमाळचा दवाखाना तेव्हा माझ्याकडे होता,” त्या म्हणाल्या.

मंजुश्रीनं जिन्याचा कठडा धरला.

“वडलांना नांदेडला ॲडमिट केलं होतं. नर्सबाई सणाला गेलेल्या. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हणून मी कुलूप लावून गेले. सकाळी परत आले. मला कुणीच काही बोललं नाही हो. पुढं वर्षभर त्या गावात घरोघरी चहा पीत राहिले मी.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “मुलगा होता की मुलगी?”

“मुलगी,” मंजुश्री म्हणाली.

मॅडमनी हात जोडले. “इथल्या पोरांना मीच शिकवते, ड्यूटी सोडायची नाही म्हणून. उद्या कोणत्या तोंडानं उभी राहू वर्गात? सरांना सांगते, मला यातून मोकळं करा.”

मंजुश्रीच्या ओठांपर्यंत शब्द आले. काचेच्या दारातून वीरेश दिसत होता. सरांचा हात त्याच्या पाठीवर होता आणि तो हसत होता. घरात असं हसताना तिनं त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.



“तुमची काय चूक, मॅडम,” ती म्हणाली. “आम्ही केव्हाच माफ केलंय.” स्वतःचा आवाज तिला ऐकवेना.

“अगं थांब की, पोरी!” खालून शिवप्रसाद ओरडला. तोवर अक्षरा जिना चढून वर आली होती. तिनं रसानं चिकट झालेले हात आईच्या साडीला पुसले.

“ही?” मॅडमनी विचारलं.

“नंतरची,” मंजुश्री घाईनं म्हणाली.

मॅडम गुडघे टेकून खाली बसल्या. पोरीच्या गालाला त्यांनी अलगद हात लावला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “खरंच फार बरं झालं. नाव काय गं तुझं?”

“अक्षरा. तुम्ही डॉक्टर आहात?”

“हो.”

“चल अक्षरा, पप्पा बोलवायलेत.” मंजुश्रीनं तिचा दंड ओढला.

“थांब ना, मम्मी.” अक्षरानं हात सोडवून घेतला आणि मॅडमच्या कानाशी लागली. “मी झाले ना, तेव्हा पोळा होता. आज्जी म्हणती, डॉक्टरीणबाई कुलूप लावून गेल्ती, तरी मी आपली ओट्यावरच आले.”