अनिवार्य रकाना

"नाही, नाही. तो रकाना अनिवार्य करा," भागवतराव बशीतला चहा फुंकत म्हणाले.

मंजुषाचा हात माउसवरच थांबला. गावोगावच्या एकट्या बायांना शाळांच्या स्वयंपाकघरात वर्षभराचं काम मिळणार होतं. त्यांच्या अर्जाचा आराखडा तिनंच बांधला होता. प्रत्येक रकान्यात काय चालेल आणि काय नाही, ते सॉफ्टवेअरला तीच शिकवत होती. नाव म्हणजे अक्षरं. वय म्हणजे पूर्ण संख्या, अठरा ते साठ. अर्ज सकाळीच सुरू झाले होते, मुदत आज पाचपर्यंतच होती, आणि मंगरूळपीरच्या या संस्थेच्या सचिवसाहेबांना नियम आत्ता दुपारी सुचत होते!

"पतीचा मोबाइल नंबर. दहा आकडे. रिकामा सोडला तर अर्ज पुढं जाऊ देऊ नका. त्या नंबरवर कोड गेला पाहिजे. नवऱ्यानं कोड सांगितला, की अर्ज जमा."

"अहो साहेब, या टाकून दिलेल्या बाया आहेत! सोडून गेलेल्या नवऱ्यानंच सांगायचं, की हो बुवा, मीच सोडलं?"

"मंग कोण सांगन? नवरा घरी जेवून राह्यला अन् बाई इथं एकटी म्हणून अर्ज भरून राह्यली, असं चालते का?"

त्यांच्या खिशातल्या फोनची घंटी वाजली. देवळातली असते तसली, चांगली खणखणीत. कुणाचाही मेसेज आला की ती वाजायची, आणि सकाळपासून तिनं मंजुषाचं डोकं उठवलं होतं.

"माह्या घरी बायको-पोरं सुखात हायेत," भागवतराव म्हणाले. "तरी या बायांसाठी मी दिवसभर राबतो. लपवाचं काही नाही आपल्यापाशी. हे पाहा, नंबर छापला, सगळ्या केंद्रांवर लावला."

टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. वर भागवतरावांचा हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या आकड्यांत त्यांचा नंबर.

मंजुषा कंपनीनं पाठवलेली पोरगी. करणार काय? तिनं दातओठ खात 'अनिवार्य'वर टिचकी मारली.

साडेचारला अनसिंगच्या केंद्रावरून संगीताचा फोन आला. ती तिथं बायांचे अर्ज भरून देत होती. मंजुषानं मुद्दाम स्पीकर लावला. ऐकू दे साहेबांनाही.

"मॅडम, हे काय नवीन काढलं? एक बाई सकाळपासून रांगेत उभी. तिची पाळी आली अन् हा लाल चौकोन उमटला. पतीचा नंबर टाका म्हणते. सोळा वर्सं झाले तो तिले पोटुशी टाकून गेला. असा माणूस नंबर देऊन जाते का?"

इकडे घंटी वाजली.

"देवळात बसल्या का मॅडम?"

"नाही गं, साहेबांचा फोन आहे. तू बोल."

"तिची पोरगी दहावीत हाये. आज अर्ज नाही झाला, तर उद्या दोघी मायलेकी ऊसतोडीच्या गाडीत बसतीन. मंग परीक्षा कायची अन् काय!"

मंजुषा ताडकन वळली. "ऐकलंत? काढते मी हा नियम."

"काढाचा नाही. एकीसाठी काढला तर सगळ्या बोगस घुसतीन."

"निदान बाईचं नाव तरी ऐका..."

"नाव सांगूच नका. आपल्याकडं वशिला चालत नाही. नियम सर्वायले सारखा." आणि त्यांनी बशीत उरलेला चहा ओतला.

मंजुषाला रडू यायचं बाकी होतं. तिनं संगीताला विचारलं, "बाकी रकाने तरी भरलेत ना?"

"पतीचं नाव राह्यलं. कागदं सगळे माहेरच्या नावाचे हायेत अन् बाई नवऱ्याचं नाव घेतच नाही! 'पोरीचा बाप' म्हणते. म्या म्हटलं, अवो, तो गेला, आता त्याच्या नावाले कायले जपतं?"

आता मंजुषाला त्या बाईचाही राग आला. सोळा वर्षं ज्यानं ढुंकून पाहिलं नाही, त्याचं नाव घ्यायला ही अजून लाजते! अशानंच तर या पुरुषांचं फावतं.

"नाव नंतर बघू," ती म्हणाली. "तिला म्हणावं, नंबर कुठून मिळतो का पाहा."

पाचला दहा मिनिटं उरली. फोन चालूच होता.

"मॅडम, बाई भिंतीवरचं पत्रक पाहून राह्यली नुसती. आता म्हणते, साहेबाचा नंबर वाचून दाखव."

भागवतराव हसले. "करू दे मले फोन. कितीबी हातापाया पडली तरी नियम तोच राहीन."

तिकडं संगीतानं एकेक आकडा वाचून दाखवला. मग ती एकदम ओरडली. "मॅडम, नंबर देते म्हणते!"

"मिळाला?"

"हो. सोळा वर्सांत आजच मिळाला म्हणे. टाकून राह्यली मी."

"गेला मॅडम, लाल चौकोन गेला!" संगीता म्हणाली. "खाली ओळ आली : कोड पाठवला आहे."

भागवतरावांच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी तिकडं लक्षसुद्धा दिलं नाही.

"पाह्यलं?" ते खुर्चीत रेलून म्हणाले. "अनिवार्य केलं की बरोबर निघते नंबर. म्हणे बाईपाशी नंबर नाही! लावा आता तिच्या नवऱ्याले फोन अन् विचारा कोड."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. संगीता परत बोलली तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता.

"मॅडम, बाई म्हणते, फोन लावाची गरज नाही. आताची घंटी तिनं माह्या फोनातून आयकली. साहेबायले म्हणा, कोड वाचून दाखवा, अन् पतीचं नावही तेच सांगतीन."