थर्माकोलच्या गोवऱ्या

"लॅपटॉप चुलीजवळ ठेव, प्रणिता. मागे गोवऱ्या दिसायला हव्यात," सरला म्हणाली.

प्रणिताने लॅपटॉप चुलीजवळ ठेवला. चुलीत लाल बल्ब पेटत होता आणि गोवऱ्या थर्माकोलच्या होत्या. त्यांच्यावर बोटांचे ठसेसुद्धा उमटवले होते. त्यासाठी आपण किती खपलो, हे सरला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होती.

अमेरिकेतल्या कॅरी शहरातल्या त्या ऐसपैस घरात आज 'गावाकडची संध्याकाळ' होती. सरला दरवर्षी अशी पार्टी द्यायची आणि जमलेली देणगी भारतातल्या एखाद्या संस्थेला पाठवायची. कधी राजेरजवाडे, कधी जुनं बॉलिवूड. यंदा मराठवाड्यातलं मुलींचं वसतिगृह निवडलं होतं, म्हणून यंदा गरिबी.

प्रणिताला नुसती शिसारी येत होती. औषध कंपनीतला डायरेक्टर प्रफुल्ल धोतराखाली स्पोर्ट्‌स शूज घालून हॅलोविनच्या गवताच्या पेंढीवर बसला होता. सरलाच्या लुगड्याला ठिगळं होती, तीही काठाला मॅचिंग. प्रणिताची आजी नागपूरजवळ लोकांच्या शेतात राबली होती. तिच्या लुगड्याचं एकही ठिगळ कशाला मॅच होत नसे.

प्रणिता साध्या कुर्त्यात आली होती. "तू गावातली शाळामास्तरीण ना? क्यूट!" प्रफुल्ल म्हणाला. प्रणिता हसली आणि मनात त्याला एक सणसणीत शिवी दिली.

ती आज आली होती ती एकाच कारणासाठी. सात वाजता वसतिगृहातल्या मुलींशी व्हिडिओ कॉल होता आणि लॅपटॉप सांभाळायचं काम तिने मागून घेतलं होतं. त्या मुलींच्या आयांचं सोंग घेऊन नाचणारी ही माणसं त्यांच्या नजरेस पडता कामा नयेत, एवढंच तिला हवं होतं.

"सरला, कॉलवर फक्त तुझा चेहरा दाखवू या," ती म्हणाली. "बाकी काही नको."

"का गं? एवढी मेहनत केलीय सगळ्यांनी!"

"तिकडे पहाट आहे. मुली झोपेतून उठून येणार. घाबरतील."

"काहीतरीच तुझं. बरं, आधी मी बोलते." सरलाने पदर सारखा केला. "मागच्या वर्षीसारखं नाही झालं म्हणजे मिळवलं. दुसरं वसतिगृह होतं. मुली नव्या कोऱ्या ट्रॅकसूटमध्ये येऊन बसल्या. यार, सगळा मूडच गेला! लोक म्हणाले, यांना कशाला द्यायचं?"

प्रणिता लॅपटॉपकडे वळली. या बाईशी बोलण्यात अर्थ नाही, हे तिला केव्हाच कळून चुकलं होतं.

कॉल लागला. सतरंजीवर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मागे वसतिगृहाच्या भावनाबाई उभ्या होत्या. बहुतेकींचे फ्रॉक डाव्या खांद्यावर उसवलेले होते. पाण्याच्या घागरी वाहून वाहून उसवले असतील, असं प्रणिताच्या मनात आलं. पुढच्या एका चिमुरडीच्या फ्रॉकच्या फाटक्या गळ्यातून निळी कॉलर डोकावत होती. थंडीसाठी कुणीतरी दिलेला जुना स्वेटर असावा. एवढ्या मोठ्या घरात खरं म्हणावं असं काही असेल तर ते त्या पडद्यावर आहे, असं तिला वाटलं.

"आम्हाला शिकायचं आहे," मुली एका सुरात म्हणाल्या.

"सो स्वीट!" सरला म्हणाली. "आता आमची गंमत बघा हं!" आणि प्रणिताने हात पुढे करायच्या आत तिने लॅपटॉप उचलून सबंध हॉलकडे फिरवला.

प्रफुल्ल डोक्यावर प्लास्टिकची घागर घेऊन ठुमकत होता. बायका थर्माकोलच्या गोवऱ्या हलवून टाटा करत होत्या. पडद्यावर मुलींनी तोंडावर हात घेतले. चिमुरडीने मान खाली घातली, तिचे खांदे हलू लागले. भावनाबाईंनी तोंड फिरवलं.

प्रणिताने लॅपटॉप हिसकावून घेतला. तिला रडू आवरेना. "सॉरी गं बाळांनो, सॉरी," एवढंच ती कॅमेऱ्यासमोर बोलू शकली. मग तिने आपल्या बाजूचा कॅमेरा आणि माइक बंद केला.

"झालं? चला, पिठलं-भाकरी गार होतेय," सरला म्हणाली. सगळा गाव स्वयंपाकघराकडे वळला. कुणाचीही भूक मेली नव्हती.

प्रणिता लॅपटॉप घेऊन लाँड्रीच्या खोलीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं. मुलींची नीट माफी मागायची आणि या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. तिने डोळे पुसले. कॉल अजून चालूच होता. तिकडे मात्र पडदा काळा झालेला पाहून त्यांनी तो संपला असं धरलं असावं. मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. माइक सुरू करायला प्रणिताने बोट पुढे केलं.

"बाई, त्या काकाचं धोतर बघितलं का? काष्टा उलटाच खोवला होता!" चिमुरडी पोट धरधरून हसत होती. तिने फ्रॉक डोक्यावरून ओढून काढला. आत निळाशार, नवा कोरा ट्रॅकसूट होता.

"हसू कसं आवरलं आमचं आम्हालाच ठाऊक," दुसरी म्हणाली.

"पुरे आता," भावनाबाई म्हणाल्या. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. "फ्रॉक नीट घडी करून ठेवा. फाटकी बाजू आत. शनिवारी शिकागोच्या मावश्यांचा कार्यक्रम आहे."

"बाई, त्यांच्यात पण एक रडणारी असंल का?"

"असतेच," बाई म्हणाल्या.