दैव बोललं

जहाजावरून बेपत्ता झालेल्या मुलाचा दोन वर्षं मागमूस नव्हता, म्हणून कुमुदताई रत्नागिरीहून कण्णूरजवळच्या देवळात आल्या होत्या. तिथं तेय्यम नाचताना माणसाच्या अंगात दैव, म्हणजे तिथला देव, येतं आणि हात धरून उत्तर देतं, असं त्यांनी ऐकलं होतं. मल्याळी ड्रायव्हर दुभाषा म्हणून शेजारी उभा होता.

त्यांची पाळी आली आणि बाहेरून गाडी हलवण्यासाठी हाका सुरू झाल्या. "अम्मा, आलोच," म्हणत तो धावला.

लाल रंगानं माखलेल्या दैवानं त्यांचे हात हातात घेतले.

"माझा उदय जिवंत आहे का?"

दैव मल्याळममध्ये बोलू लागलं. बराच वेळ, अगदी मायेनं. मग पुढच्या माणसाकडे वळलं.

ड्रायव्हर परतला तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडत होत्या. "उत्तर मिळालं हो, पण मला कळलंच नाही!"

दुपारी मुकुट उतरल्यावर त्यांनी नर्तकाला गाठलं. घाम पुसत तो ड्रायव्हरमार्फत म्हणाला, "बोललं ते दैव, आई. मला काहीच आठवत नाही. तुम्ही काय विचारलं होतं?"

माणसाला ते कसं विचारायचं, कुमुदताईंना कळेना.